नाव विचारणाऱ्या सिस्टर करंदे

"ही बाई औषध द्यायला आलीय, की पंचनामा करायला?"

मामलेदार हे आपल्या बायकोला म्हणाले, पण अशा आवाजात की सगळ्या वॉर्डाला ऐकू जावं. मी ट्रे धरून सिस्टर करंद्यांच्या मागे उभी होते. मामलेदार निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ठाण्यात त्यांना अजून मामलेदारच म्हणत, आणि आमच्या इस्पितळाच्या कमिटीवर त्यांचे मेव्हणे होते. सिस्टरांनी मापाचा ग्लास हातात तसाच ठेवला.

"नाव सांगा."

"काल सांगितलं होतं."

"कालचं औषध काल दिलं. आज नाव सांगा. पूर्ण."

मामलेदारांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सिस्टर त्यांच्या पत्नीकडे वळल्या. "मग तुम्ही सांगा." त्या बिचाऱ्या बाईंनी पदराचं टोक ओठांशी नेलं. "उखाण्यात घ्या हवं तर, पण घ्या," सिस्टर म्हणाल्या. पलीकडच्या खाटेवर कुणीतरी फिसकन हसलं. त्याबरोबर मामलेदार उठून बसले, दगड भिरकावावेत तसे नावाचे तीन शब्द त्यांनी सिस्टरांच्या अंगावर टाकले, औषध प्यायले आणि रिकामा ग्लास माझ्या ट्रेमध्ये आपटला. सिस्टरांनी वाकून ग्लासाचा तळ पाहिला. थोडं औषध उरलं होतं. त्यांनी तेही प्यायला लावलं.

त्या वेळी मी प्रोबेशनर, म्हणजे शिकाऊ नर्स होते. कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समधून आले होते. वडील गेल्यावर इंग्रजी शाळेतल्या शिक्षणाचा घराला दुसरा उपयोग दिसेना, म्हणून आईनं नातेवाइकांचं न ऐकता मला नर्सिंगला घातलं. औषधांची इंग्रजी पुस्तकं मला सोपी जात, डॉक्टरांनी लिहिलेली लॅटिन अक्षरं इतर मुलींच्या आधी लागत. सिस्टर करंद्यांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "पुस्तक पाठ आहे आणि तोंडाला कुलूप," त्या म्हणत. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. दुसऱ्यांची नावं दिवसभर विचारणारी ही बाई मला 'ए कॉन्व्हेंट' म्हणे.

त्या उंच होत्या आणि पाठीत किंचित वाकलेल्या. चष्म्याची एक काडी मोडली होती, तिला बँडेजची चिकटपट्टी गुंडाळली होती. गालात कायम एक लवंग. वॉर्डात शिरण्यापूर्वी हात धूत तेव्हा कोपरापर्यंत धूत आणि धुताना कुणाशी बोलत नसत. नवऱ्याबद्दल वॉर्डात अनेक कथा होत्या. कुणी म्हणे विधवा, कुणी म्हणे टाकलेली, कुणी म्हणे त्यांनीच त्याला टाकला. त्यांच्या कपाळावरून काही कळत नसे. "सगळ्यांना नवऱ्याचं नाव घ्यायला लावते आणि स्वतःचं मधलं नाव कुठं लिहीत नाही," असं स्टाफ नर्स लीला एकदा म्हणाली. लीला मनमिळाऊ होती, भरभर काम करायची आणि सगळ्यांना आवडायची. सिस्टर कुणालाच आवडत नसत. मलाही नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माणूस गेलं की त्याच्याबद्दलच्या आठवणीत उगाच साखर पडते.

औषध देणं हे त्यांच्या लेखी हत्यार चालवण्यासारखं काम होतं. बाटली फळीवरून काढताना लेबल मोठ्यानं वाचायचं, ओतताना वाचायचं, परत ठेवताना वाचायचं. बाटली धरताना लेबल तळहाताकडे, म्हणजे ओघळ त्यावरून जाऊन अक्षरं पुसायची नाहीत. मापाचा ग्लास डोळ्यांच्या रेषेत धरायचा. वरून पाहिलं की औषध वेगळंच दिसतं. जास्त ओतलं गेलं तर ते मोरीत, परत बाटलीत कधी नाही. हृदयाच्या औषधाचे थेंब मोजण्याआधी नाडी मोजायची, आणि ती मंदावली असेल तर थेंब द्यायचे नाहीत, डॉक्टरांना बोलवायचं. दुसरीनं ओतलेलं औषध आपण न्यायचं नाही. स्टुलावर औषध ठेवून पुढं जायचं नाही. घशाखाली उतरलेलं डोळ्यांनी पाहायचं. आणि या सगळ्याच्या शेवटी नाव. आपण नाव घेऊन 'हो ना?' असं विचारायचं नाही. तापातला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्याच्या तोंडून आलं पाहिजे.

"ओळखीच्या बाटलीनं जास्त माणसं मरतात," असं त्या म्हणत. "अनोळखी बाटली आपण वाचतो तरी."

एकदा त्यांनी मला त्यांच्या खोलीवर चहाला बोलावलं. माझं काही कौतुक म्हणून नव्हे, एक जड ट्रंक हलवायची होती. खोलीत प्रत्येक डब्याला चिठ्ठी होती. साखर, मीठ, सोडा. त्यांनी साखरेचा डबा फळीवरून काढला आणि चिठ्ठी वाचली, चमचा घालताना वाचली, डबा ठेवताना वाचली. तोंडातल्या तोंडात, पण वाचली. मला हसू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि माझ्या कपात साखर घातलीच नाही. "हसून झालं की सांग," म्हणाल्या. मी तो चहा तसाच प्यायले.

नवे डॉक्टर आले की त्यांचीही परीक्षा होई. एक तरुण डॉक्टर वॉर्डातून जाता जाता म्हणाले, "सिस्टर, त्या कोपऱ्यातल्याला अर्धा ग्रेन मॉर्फिया देऊन टाका." सिस्टरांनी खिशातलं पेन काढून त्यांच्यासमोर धरलं.

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे. शाई दिसत नाही."

डॉक्टरांनी लिहिलं. लिहिताना हात थांबला, आणि अर्ध्याचं पाव झालं. सिस्टरांनी कागद घेतला, काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचं ते गप्प राहणं डॉक्टर पुढं कधी विसरले नाहीत.

माझी रड वेगळीच होती. मी नाव विचारी, पण ते फक्त मला ऐकू येई. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहत आणि तिथून म्हणत, "मनातल्या मनात विचारलंस का गं, कॉन्व्हेंट?" रोगी हसत. मी पुन्हा विचारी. पुन्हा त्या म्हणत, "अजून आलं नाही इकडे." एकदा मी रडले. "डोळ्यांतून नाही, तोंडातून," त्या म्हणाल्या. पुढं मी एक युक्ती शोधली. रोग्याच्या कानाशी वाकून विचारायचं. काम होई, आणि आवाज वाढवावा लागत नसे. सिस्टरांना ही युक्ती मुळीच मान्य नव्हती. "तुझ्याबरोबरच्या नर्सला ऐकू आलं का? नाही ना? मग चूक तिनं पकडायची कशी?"

आमच्याकडे खाडीपलीकडच्या गावांतले मिठागरातले लोक पुष्कळ येत. निम्म्या वॉर्डाचं आडनाव पाटील आणि उरलेल्या निम्म्याचं म्हात्रे. त्या हिवाळ्यात त्यातलेच दोन पाटील होते. पदू पाटलांना मधुमेह, पायाला जखम. त्यांना रोज सकाळी न्याहारीआधी इन्सुलिनची सुई. धर्मा पाटलांना टायफॉइड. ते तापात गुंगलेले असत, नाव विचारलं तर मिठाच्या गोण्यांविषयी बोलत. त्यांच्या उशाशी त्यांची बायको बसून असे. तिचं नाव गोमी. वयानं माझ्याएवढीच असेल.

सिस्टरांनी तिला विचारलं तेव्हा तिनं मान खाली घातली.

"नाव सांग बाई, औषध थांबलंय."

"आमचे घरधनी हायेत."

"घरधनी वॉर्डभर आहेत. नाव."

"बाय, मना नाव घेवाचं नाय. नाव घेतला तर त्यांचा आयुक्ष कमी व्हतं."

"औषध चुकलं तर आयुष्य उरणारच नाही. उखाण्यात घे. लग्नात घेतलं असशील ना?"

गोमीनं इकडेतिकडे पाहिलं. सगळा वॉर्ड कान देऊन होता. मग खाली पाहत, एका दमात, तिनं म्हटलं:

"खाडीच्या पान्यानं आगरान मिठाची रास,
धर्माजीचं नाव घेते, सिस्टरबाय तुमचेसाठी खास."

वॉर्ड हसला. पदू पाटील मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा गो पोरी." आणि सिस्टर करंदे हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून गोमीचा उखाणा हा सकाळच्या फेरीचा करमणुकीचा भाग झाला. तीही हळूहळू धीट झाली. औषध आलं की विचारायच्या आधीच म्हणून टाकायची. धर्मा पाटलांचा ताप मात्र उतरत नव्हता.

मग मामलेदार दाखल झाले आणि सुरुवातीला सांगितलं ते घडलं. दोन दिवसांत कमिटीचा लेखी हुकूम आला. रुग्णांना व त्यांच्या कुटुंबातील स्त्रियांना नावे विचारून अवमानित करू नये. खाटेचा क्रमांक व आडनाव पुरेसे आहे. मोठ्या डॉक्टरांनी तो सिस्टरांच्या हाती दिला. सिस्टरांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "खाटा हलतात, साहेब." मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्हीही जरा हला." दुसऱ्या दिवशी फेरीच्या वेळी सिस्टरांनी पहिल्याच खाटेपाशी नाव विचारलं. दुपारपर्यंत त्यांची बदली औषधांच्या कोठीत झाली. बाटल्या मोजायच्या, रोग्यांशी संबंध नाही. वॉर्ड लीलाकडे आला. खोटं कशाला बोलू, आम्हा सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. फेरी अर्ध्या वेळात होऊ लागली.

पुढल्या आठवड्यात कमिटीची पाहणी होती, म्हणून वॉर्डाला चुना द्यायला काढलं. भिंतीलगतच्या खाटा मधे ओढल्या, मधल्या खिडकीशी. रंगाऱ्यांना जिथं जागा हवी तिथून खाटा हलत होत्या, आणि क्रमांक भिंतीवर होते.

त्या सकाळी लीला सुई घेऊन आली. चुन्याच्या वासानं सगळे खोकत होते. तिनं खाटेवरच्या गुंगलेल्या माणसाकडे पाहिलं, मग गोमीकडे. "पाटील ना?"

"व्हय," गोमी म्हणाली. खरंच तर बोलली. नाव मात्र कुणी विचारलं नाही आणि तिला ते आपणहून घ्यायचं नव्हतं.

मी दुसऱ्या टोकाला पट्ट्या बांधत होते. थोड्या वेळानं गोमीचा आवाज आला, आनंदानं भरलेला. "बाय, घाम आयला. ताप उतरला." धर्मा पाटील घामानं निथळत होते. अंग गार. इतक्या दिवसांनी शांत झोपलेत, असं दिसत होतं. लीलानं कपाळाला हात लावला आणि हसून म्हणाली, "उतरला बाई तुझा ताप." गोमीनं गाठोड्यातली पुडी सोडली. साखर होती. ताप उतरला की वाटायची म्हणून तिनं जपून ठेवलेली. ती खाटेखाटेवर चिमूट चिमूट वाटत फिरली. मलाही दिली. नवऱ्याला तेवढी दिली नाही. झोपू दे म्हणाली.

पदू पाटलांपाशी ती आली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "मना नको गो. मना साखरंचा इकार. आन आज माजी सुई पन नाय आली अजून."

वर्गात सिस्टरांनी आम्हाला इन्सुलिन शिकवलं होतं. सुई आणि ताट यांच्यामध्ये गप्पा नकोत, म्हणाल्या होत्या. हे औषध साखर खातं. साखर मिळाली नाही तर माणूस खातं. ती चिमूट अजून माझ्या जिभेवर होती. मी कोठीकडे धावले. दारात उभी राहून मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण सिस्टरांच्या हातातली बाटली खाली पडली. त्यांच्या हातून फुटलेली ती एकच बाटली.

त्यांनी गोमीच्या पुडीतलीच साखर धर्मा पाटलांच्या गालाच्या आत चोळली. ग्लुकोज शिरेत दिलं. मोठे डॉक्टर आले, मॉर्फियाचा कागद लिहिणारे ते तरुण डॉक्टर आले. सगळ्यांनी सगळं केलं. दुपारी संपलं. गोमी अजून हातात रिकामा कागद धरून विचारत होती, "ताप तं उतरला व्हता ना?"

चौकशीला तीन गृहस्थ बसले. त्यांनी मलाही बोलावलं. मी सांगितलं की नाव विचारू नये असा हुकूम आला होता. सगळं सांगितलं, चुन्याचं, पदू पाटलांच्या क्रमांकाखाली धर्मा पाटलांची खाट आली होती त्याचं, सगळं. कारकून म्हणाला, "मोठ्यानं बोला, लिहायचं आहे." मी पुन्हा सांगितलं. अध्यक्ष समजूतदारपणे हसून म्हणाले, "राहू द्या हो, घाबरलीय पोर." आणि कारकुनानं पेन खाली ठेवलं. निकालात आलं की मृताच्या पत्नीने चुकीची ओळख दिली. लीलाला ताकीद मिळाली. हुकमाचा उल्लेख कुठं नव्हता.

सिस्टर करंद्यांवर काही बालंट नव्हतं. त्या वॉर्डात नव्हत्याच. उलट त्यांना वॉर्ड परत देऊ केला. त्यांनी आधी निकालातलं ते पत्नीबद्दलचं वाक्य काढून टाका म्हटलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "त्या बाईला काय वाचता येतंय? तिला कुठं कळणार?"

"गावाला कळलंय," सिस्टर म्हणाल्या. खरं होतं. वॉर्डबॉय त्याच बाजूचा होता.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. कळव्याच्या पलीकडे, मिठागरांच्या बांधावरून चालत आम्ही गेलो. गोमी ओसरीच्या कोपऱ्यात बसली होती. सासू उंबऱ्यात. "हिच्या 'व्हय'नी मारला माज्या पोराला," सासूनं आम्ही बसायच्या आधीच सांगितलं.

सिस्टर उभ्याच राहिल्या. "नाही. हिची चूक नाही. सुई आमची, हात आमचा, चूक आमच्या इस्पितळाची. हिनं आडनाव विचारलं त्याला हो म्हटलं, ते खरं होतं. मी हे कुठंही सांगायला तयार आहे."

मला वाटलं, झालं. आता गोमी रडेल, आणि मोकळी होईल. गोमीनं मान वर केली. इतके दिवस खाली पाहणारी ती, आता सरळ सिस्टरांकडे पाहत होती.

"सुईनी नाय गेला तो," ती म्हणाली. "तुमी मना रोज रोज नाव घेवाला लावला. चार लोकान. लोक हसली. तुमी पन हसली. मी सांगला व्हता तुमाला, आयुक्ष कमी व्हतं म्हनून."

सिस्टर करंद्यांपाशी प्रत्येक डॉक्टरला उत्तर होतं. त्या मुलीला काय सांगणार होत्या? की नाव घेत होतीस तोवर तो जगला? ते खरं होतं, आणि तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. परत येताना बांधावर त्या माझ्यापुढं चालत होत्या. एकदाही मागे वळल्या नाहीत.

इस्पितळाची बदनामी केली म्हणून महिन्याच्या आत त्यांना काढलं. निरोप समारंभ झाला नाही. लीलानं वर्गणी काढून एक साडी घ्यावी असं सुचवलं होतं, पण पुरेशी वर्गणी जमली नाही. पुढं त्या डोंबिवलीला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधतात असं ऐकलं. तिथंही पेशंट कंटाळतात म्हणे, नाव सांगून सांगून.

मी कल्याणला स्टाफ नर्स झाले. नाव विचारीतच असे, कानाशी वाकून, माझ्या पद्धतीनं.

काही वर्षांनी बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर त्या आल्या. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. चष्म्याला तीच पट्टी, किंवा तशीच दुसरी. कागदावर नाव आणि आडनाव, मधलं काही नाही. सकाळपासून औषध घेत नाहीत, तोंड मिटून बसतात, भ्रमिष्ट असाव्यात, असं धाकट्या नर्सनं मला सांगितलं आणि हसली. मी गेले. त्यांनी मला ओळखलं.

"त्या गोमीला नाव घ्यायला लावलं ते बरोबरच होतं," एकदम म्हणाल्या, बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात. "हसायला नको होतं गं मी."

मी मान हलवली. त्यांची नाडी मोजली. थेंब मोजले, ग्लास डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि त्यांच्या ओठांशी नेला. मी त्यांना चांगली ओळखत होते. त्यांच्याइतकं ओळखीचं त्या वॉर्डात मला कुणी नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

मी कानाशी वाकून विचारलं. त्यांनी हातानं मला दूर केलं.

"मनातल्या मनात विचारलंस का गं, कॉन्व्हेंट?"

धाकट्या नर्सेस दारात थांबल्या होत्या. खाटांवरच्या बायका वळून पाहत होत्या. मी ग्लास खाली घेतला, सरळ उभी राहिले, आणि वॉर्डाच्या शेवटच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसेल एवढ्या आवाजात म्हटलं,

"नाव सांगा, सिस्टर. पूर्ण. तुमच्या तोंडानं."